न्हाणीमागचा खड्डा

टेस्टरमधला दिवा पेटला होता, पण पुरता नाही. बोर्डाच्या भोकात घातला की तो लख्ख नारिंगी दिसायचा. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमागच्या स्क्रूला टेकवला तेव्हा मात्र काचेच्या एका टोकाला, खिडकी लोटून घेतल्यावर दिसेल इतकाच. दामिनीने टेस्टर उचलला, पुन्हा टेकवला. पुन्हा तेच. मग तिने खिडकीखाली लोटाभर पाणी ओतून त्या ओलीत एक खिळा रोवला, मल्टिमीटरची एक तार खिळ्याला आणि दुसरी स्क्रूला लावली. एकशे बारा व्होल्ट.

"सापडलं का भूत?" वच्छलाबाईंनी दारातून विचारलं.

"भूत सापडलं आई. त्याचं घर शोधून राहिली."

हे यंत्र दामिनीनेच जुळवलेलं होतं. ती अमरावतीच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. मागच्या वर्षी कॉलेजने चौदा कॉम्प्युटर भंगारात काढले, त्यातले तीन तिने मागून घेतले आणि तीन मेलेल्यांतून एक जिवंत केला. बोर्ड एकाचा, मेमरी दुसऱ्याची, डिस्क तिसऱ्याची. डिस्कचा सुरुवातीचा भाग खराब होता. तो सोडून पुढच्या भागावर तिने लिनक्स बसवलं. तेवढ्याशा मेमरीत ते निमूट चालायचं.

तेव्हा तिचे वडील जानराव शेजारी बसून सगळं पाहत होते. "खराब भागाचं काय केलं?" त्यांनी विचारलं होतं.

"सोडला. तिथं काही लिहायचंच नाही, असं सांगितलं त्याला."

"आनी तरी चालते?"

"चालते."

ते बराच वेळ डिस्ककडे पाहत राहिले होते.

कॉम्प्युटर होता वच्छलाबाईंसाठी. लग्नाआधी त्यांनी मराठी टायपिंगची परीक्षा दिली होती. छत्तीस वर्षांनंतरही बोटांना अक्षरांच्या जागा ठाऊक होत्या. गावातल्या बायका नळासाठी, रेशनकार्डासाठी अर्ज लिहून घ्यायला यायच्या. पण गेला महिनाभर कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या यायच्या आणि पडदा जागच्या जागी गोठायचा. "वच्छलाकाकूचा कॉम्प्युटर चावते," असं गावात झालं आणि बायका यायच्या थांबल्या.

घराच्या मागे बाग होती. संत्र्याची चारशे झाडं, बावीस वर्षांची. मोर्शीकडच्या इतर बोअरवेलसारखंच यांच्या बोरचं पाणीही दर वर्षी खाली जात होतं. दामिनी दोन वर्षांपासून सांगत होती, एवढ्या पाण्यात चारशे जगणार नाहीत. मागची दोनशे तोडली तर पुढची दोनशे तरी तगतील. जानरावांचं उत्तर ठरलेलं असायचं: "पानी हाय. दोन तास चालते बोर." आणि ते उठून जायचे. हा मे असाच गेला तर पुढचीही राहणार नाहीत, हे तिला दिसत होतं. पण बाग त्यांची होती. झाड न झाड त्यांनी हाताने लावलेलं. ते म्हणेपर्यंत कोणी कुऱ्हाड उचलणार नव्हतं.

आज तिने बागेचा विषय काढला नव्हता. हातात निदान एक तरी असा बिघाड होता ज्याला क्रमाने विचारता येत होतं.

आधी पॉवर सप्लाय बदलला. एकशे बारा. मेमरीची एक पट्टी काढली, मग दुसरी. सीडीवरून मेमरीची तपासणी पूर्ण चालवली. एकही चूक नाही. मागच्या आठवड्यात ती सगळी पेटी अमरावतीला घेऊन गेली होती. तिथे चार दिवस कॉम्प्युटर एकदाही गोठला नाही, टेस्टर अंधारा. कॅलेंडरच्या पाठीवर तिने लिहून ठेवलं होतं: पेटी तीच, वायर तीच, घर वेगळं.

म्हणजे खोट पेटीत नव्हती.

अकराला लोडशेडिंग सुरू व्हायचं, त्याच्या आत शोध लागायला हवा होता. तिने मुनव्वरला फोन केला. मोर्शीत त्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं, आणि सहा वर्षांपूर्वी या घराची वायरिंग त्यानेच केली होती. तो लुनावरून आला, बोर्ड उघडून पाहिला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "काकू, अर्थिंगच्या खड्ड्याले पानी पाजता ना?"

"खड्ड्याले काहून पानी?"

"आता घ्या! मीठ-कोयशाचा खड्डा हाय तो. ओला असला तं करंट जमिनीत जाते, नाई तं पेटीतच बसून राह्यते. म्हनून तं मी न्हानीच्या मांगं घेतला. आंघोयीचं पानी आपोआप जिरते."

"आंघोय तं मी रोज करते बाप्पा. तुह्या काकाजीचं मले मालूम नाई."

मुनव्वर हसला. दामिनी मात्र तोवर मागच्या दाराने बाहेर पडली होती.

खड्डा ठणठणीत कोरडा होता. काळी माती आकसून अर्थिंगच्या पाइपापासून सुटली होती. मधल्या फटीत तिची करंगळी पेरापर्यंत गेली. इथे एकेकाळी अळू माजायचं, आता त्याची वाळकी देठं तेवढी उरली होती. आणि न्हाणीच्या मोरीला कोणीतरी एक काळा पाइप बसवला होता. तो हातभर जाऊन मातीखाली शिरला होता.

"हे माहं काम नाई," मुनव्वर मागून म्हणाला.

दामिनी पाइपाच्या मागावर निघाली. जिथे तो मातीत जायचा तिथे माती थोडी उंच, भुसभुशीत होती. गोठ्याच्या कडेने, कुंपणाला धरून, फाटकापर्यंत. तिथे रस्त्याच्या अंगाला चार संत्र्यांच्या आळ्यांत ओल होती, ओलीवर साबणाची पांढुरकी साय. मोर्शीची जीप या फाटकावरूनच जायची. जीपमधल्या माणसांना हीच चार झाडं दिसायची, हिरवीगार.

ती आत शिरली. दुसऱ्या ओळीत पानं वळलेली. सहाव्या ओळीत शेंडे करडे पडलेले, खाली सुपारीएवढ्या फळांचा सडा. दिवाळीनंतर ती बागेत आलीच नव्हती. दर वेळी बाबा फाटकाशीच भेटायचे, पिशवी हातातून घ्यायचे, "ऊन हाय, घरात चाल," म्हणायचे.

आत्ताही ते झाडांमधून फावडं घेऊन येत होते. तिला पाहून थांबले.

"बाबा, पाइप कधी टाकला?"

"होळीच्या टायमाले. वायाच जात होतं ते पानी."

मुनव्वर जवळ आला. त्याचा आवाज आता हसरा नव्हता. "काकाजी, बोरच्या मोटरच्या पेटीची अर्थिंग त्याच खड्ड्यात हाय. कॉम्प्युटर नुसत्या झिणझिण्या देते. मोटरच्या पेटीत करंट उतरला तं मानूस चिकटते. सकायी स्टार्टर कोन दाबते?"

जानरावांनी मागे पाहिलं. वच्छलाबाई पदराला हात पुसत येत होत्या.

"मीच दाबते," त्या म्हणाल्या. "भांडे टाकून तशीच येते."

मग जानरावच न्हाणीमागे गेले. त्यांनी मोरीचा पाइप उपसून काढला, खड्ड्याभोवतीची माती पायाने दाबून बसवली, दोन बादल्या आणून सावकाश ओतल्या. दामिनीने मल्टिमीटर खिडकीत धरला. एकशे बारा. चौसष्ट. सव्वीस. जानराव चष्मा लावून वाकले. नऊ. चार. चारवर आकडा थांबला.

"रोज दोन बादल्या इथंच लागतील," ती म्हणाली. आणि त्याच आवाजात, मीटरवरून नजर न काढता, "बोर किती वेळ चालते, बाबा?"

"बावीस मिनिटं." ते थांबले. "मंग हवा ओढते."

"घड्याळ लावून पाहिलं?"

"रोज पायतो. तीन वर्सं झाले."

तीन वर्षं. म्हणजे ती सांगायला लागली त्याच्याही आधीपासून. तिला वाटत होतं, ते मोजायला तयार नाहीत.

मुनव्वर हत्यारं पिशवीत भरून अंगणात गेला. दामिनीने कॉम्प्युटर सुरू केला. जानरावांनी उलटा हात कॅबिनेटला लावला, तसाच ठेवला. पडदा गोठला नाही.

"तो डिस्कचा खराब भाग," ते म्हणाले, "वाढला काय?"

तिने तपासून पाहिलं. "नाही. तेवढाच आहे."

ते उठले. खांद्यावरच्या दुपट्ट्याने हात पुसले, उगाच दोनदा. बाहेर मुनव्वर लुनाचं पायडल मारत होता. जानराव दारात जाऊन उभे राहिले आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"मुनव्वर! तो आरा-मशीनवाला तुह्या वयखीचा हाय ना? त्याले सांग, उद्या मानसं घेऊन ये म्हना. मांगची दोनशे झाडं तोडाची हायेत."