दोन बोटं

शनिवारपासून माझं कशातच मन नाही. मशीनवर बसलो की उठतो, खिडकीपाशी जातो, वेलीची पिवळी पानं मोजतो आणि चरफडत परत येतो. काल एका गिऱ्हाइकाच्या पँटला खिसा उलटा लावला. चाळीस वर्षांच्या शिंपीकामात पहिल्यांदा!

वेल बायकोची. ही मोठाली पानं, पानापानाला भोकं. मी त्यांना काजं म्हणतो. काठीला धरून पार छतापर्यंत चढलीय. बायको तिच्याशी माझ्यापेक्षा गोड बोलते, पण ते असो.

तीन आठवड्यांपूर्वी एक वाळकं देठ कापायला तिने माझी कापडाची कात्री उचलली. झालं! त्या कात्रीने मी कागदसुद्धा कापू देत नाही. गिऱ्हाइकांसमोर नको नको ते बोललो. तिने गुमान बॅग भरली आणि धाकट्या बहिणीकडे निघाली. दारात एवढंच म्हणाली, "तीस वर्षांत माझं एक वाक्य धड ऐकलं नाहीत. ही वेल तरी जगवून दाखवा. मग बघू, परत यायचं की नाही ते."

कुंडीखाली चिठ्ठी होती. 'रोज दोन बोटं बघून पाणी.'

आता शिंप्याला दोन बोटं म्हणजे काय? माप! कमरेत दोन बोटं ढिलं, बाहीला दोन बोटं दुमड. मी रोज सकाळी कुंडीत बोटं आडवी धरून बरोब्बर दोन बोटं पाणी उभं करत होतो. एक दिवस चुकवला नाही. म्हटलं, बघ बाई, ऐकतो की नाही!

आणि शनिवारी पानं पिवळी पडायला लागली. मला वाटलं, पाणी कमी पडतंय. अडीच बोटं केलं.

आज रोपवाटिकेतल्या बाई ॲप्रनला खिसा लावून घ्यायला आल्या. माझी येरझार बघून त्या खिडकीपाशी गेल्या आणि त्यांनी सरळ मातीत बोटं खुपसली.

"मास्तर, अहो चिखल केलात की!"

"चिठ्ठीत दोन बोटं लिहिलंय," मी खेकसलो.

"मातीत दोन बोटं घालून बघायचं. कोरडी लागली तर पाणी, ओली असली तर राहू द्यायचं. मुळं कुजलीत हिची. वरचा चांगला भाग आजच कापून पाण्यात ठेवा. पण कुठल्या गाठीखाली ते वहिनींना विचारा, वेल त्यांच्या हातची आहे."

बाई गेल्या. माझं डोकं भणाणलं. तिचं एकच वाक्य ऐकलं होतं, तेही उलटं!

घरातली कात्री शोधायला खण उघडला. सापडली, पण दोन पाती दोन दिशांना. स्क्रू बाजूला पडलेला. आणि लख्ख आठवलं. 'अहो, हिचा स्क्रू बसवून द्या ना,' असं ती महिनाभर म्हणत होती. मी 'हो हो' म्हणत होतो. मग ती माझी कात्री घेणार नाही तर काय करणार? लाज वाटली मला. खरंच वाटली.

मी कापडाची कात्री घेतली आणि फोन लावला.

"अगं, चुकलो मी. वेल कुजवली. कुठे कापू, ते सांग."

तिने विचारलं, "हातात कुठली कात्री आहे?"

"कापडाची."

"अहो! धार जाईल तिची."

"जाऊ दे गेली तर. तू गाठ सांग."

"वरून तिसरी," ती म्हणाली. "जिथून मूळ फुटलंय, त्या गाठीखाली. तिरकं कापा."

कापलं. "झालं," मी म्हणालो. "आता?"

"आता घरातल्या कात्रीचा स्क्रू बसवून ठेवा. उद्या मला लागेल ती."