हवालदारांच्या पिस्तुलाचा चुकलेला नेम

मी पिस्तूल बोलतोय. हात वर करायची गरज नाही. माझ्यात गोळी नाही, आणि असती तरी ती तुम्हांला सोडून तुमच्या शेजाऱ्याला लागली असती.

माझा जन्म इटलीतल्या एका कारखान्यात झाला. एक गोळी सुटली की दुसरी आपोआप नळीत येऊन बसायची, एवढीच माझी करामत. पहिला मालक तिथल्याच फौजेतला एक कप्तान. मला कमरेला लावून त्यानं फोटो पुष्कळ काढले, गोळ्या फारशा झाडल्या नाहीत. आफ्रिकेच्या वाळवंटात एका सकाळी त्यानं दोन्ही हात वर केले आणि मी हवालदार हंबीररावांच्या हाती लागलो. त्यांनी मला सरकारजमा करायचं सोडून मोज्यात लपवलं. पुढं त्यांच्या मांडीत तोफगोळ्याचा तुकडा घुसला, पलटणीनं त्यांना घरी पाठवलं, आणि आम्ही दोघं मिरजेच्या स्टेशनवर उतरलो. ते लंगडत, मी मोज्यात.

इस्लामपूरजवळचं त्यांचं गाव तेव्हा तापलेलं होतं. बेचाळीसच्या चळवळीतली पोरं भूमिगत होऊन उसाच्या फडात राहत होती. अशा दिवसांत मला जमिनीत पुरून ठेवायला हवं होतं. पण हंबीररावांनी "कुणाला बोलू नगंस हां" असं प्रत्येकाला बजावत मला साऱ्या गावाला दाखवलं. न्हाव्यानं पाहिलं, चहावाल्यानं पाहिलं. एका लग्नात तर मी नवऱ्या मुलापेक्षा जास्त हातांतून फिरलो.

दुसरी त्यांची आवड म्हणजे मला साफ करणं. दात घासायला कंटाळणारा हा माणूस रोज सकाळी मला घासायचा. पलटणीतलं तेल संपलं, तेव्हा त्यांनी बायकोनं, मनुबाईनं, तांब्याची भांडी घासायला ठेवलेली विटकरीची पूड उचलली. मोडक्या छत्रीच्या सळईला चिंधी गुंडाळायची, पुडीत बुडवायची आणि माझ्या तोंडातून आत खुपसायची. नळी मागच्या बाजूनं साफ करावी, हे त्यांना पलटणीत शिकवलं होतं. पण त्यासाठी मला खोलावं लागे, आणि खोलल्यावर जोडता येईल याची त्यांना खात्री नव्हती.

मग पोलिसांनी फडावर छापा घातला. दोघं धरले गेले, अर्जुना नावाचा एक पोरगा पायाला गोळी लागून कुठंतरी नाहीसा झाला. त्यांचा पुढारी आकाराम, तालमीतला गडी, दुसऱ्या दिवशी तणतणत आमच्या दारात आला.

"हवालदार, पिस्तूल द्या. नानासोनं खबर दिली. पोलीस त्येच्या दारात हुतं, लोकांनी बघितलंय."

नानासो म्हणजे गावचा तेलघाणेवाला. हंबीरराव मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "देतो. पर आदी नेम बघू तुजा."

ओढ्यात रॉकेलच्या डब्याचा पत्रा उभा केला. आकारामनं गोळ्या झाडल्या. एक पत्र्याच्या कडेला लागली, बाकीच्या ओढ्यानं गिळल्या.

"हात कापतोय तुजा."

"आवं, पिस्तूलच बाद हाय!"

हवालदार चिडले. त्यांनी स्वतः झाडल्या, त्या तर ओढ्यालाही सापडल्या नाहीत. मग त्यांच्यातला फौजी जागा झाला. त्यांनी मला वाळूच्या पोत्यात घट्ट रोवलं, म्हणजे हाताचा दोष नको. तरी गोळ्या पत्र्यावर पांगल्याच. काडतुसं दमट असतील म्हणून मेणकापडातली कोरडी आणली. तोच तमाशा. नेम धरायची साईट वाकली असेल म्हणावं, तर साऱ्या गोळ्या एकाच बाजूला जायला हव्या होत्या. माझ्या चारी दिशांना चालल्या होत्या.

तेवढ्यात भाकरी घेऊन आलेल्या मनुबाईनं पत्र्याला बोट लावलं. "आवं, भोकं अशी लांबट कशी? गोळी आडवी हून गेली काय?"

हवालदारांचा चेहरा उतरला. नीट सुटलेली गोळी गरगर फिरत सरळ जाते आणि गोल भोक पाडते. तिला फिरवण्यासाठी माझ्या नळीत आतून मळसूत्री चर कोरलेले असतात. असतात म्हणजे, होते. हवालदारांनी मला खोललं आणि नळी उन्हाकडं धरून डोळा लावला. मागचे चर धड होते. तोंडाकडचे पार पुसलेले, आणि सळई रोज एकाच बाजूला घासून तोंडाची कडाही तिरकी झिजलेली.

मनुबाईनंही डोकावलं. "झिजल्याल्या जात्यागत गुळगुळीत झालंय की. लढाईत लय चालवलं जनू?"

हवालदारांनी नळी खाली घेतली. लढाईत मी एक माशीसुद्धा मारली नव्हती. मला संपवलं ते त्यांच्या प्रेमानं.

"ह्ये आता कुनाला मारायचं न्हाई," ते कसेबसे म्हणाले. "नानासोवर झाडशील आनि त्येच्या म्हशीला लागंल."

पण आकारामचं डोकं फिरलं होतं. हवालदारांनी मला उरलेल्या काडतुसांसकट जोडून खाली ठेवलं (हो, जोडता आलं त्यांना!) तोच त्यानं मला हिसकावलं आणि धूम ठोकली. लंगडा माणूस मागून किती धावणार?

नानासो घाण्यापुढच्या अंगणात उभा होता. आकारामनं बांधाआडून, चांगलं लांबून, त्याच्या छातीवर नेम धरला. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला माझ्या झिजलेल्या तोंडाबद्दल पहिल्यांदाच बरं वाटलं. चाप ओढला गेला. शेजारचा तेलाचा रांजण फुटला आणि अंगणभर करडईचं तेल पसरलं. दुसरी गोळी जवळून झाडायला आकाराम धावत आला, घसरला आणि नानासोच्या पायांशी आडवा झाला. मी उडून शेणात पडलो.

आतून कुणीतरी ओरडलं, "आकारामदादा, काय करतुयास ह्ये?"

दारात अर्जुना उभा होता. पायाला पट्टी, अंगाला पेंडीचा भुसा.

"ह्येंनीच मला पेंडीच्या पोत्याआड लपीवलं. पोलिसांनी ह्येंला बडवलं, तरी माजं नाव सांगितलं न्हाई."

नानासोचा ओठ सुजलेला होता. आकारामला तो आत्ता दिसला.

"मंग खबर कुनी दिली?" त्यानं विचारलं.

"खबर कसली?" नानासो म्हणाला. "हवालदाराचं पिस्तूल पोरांकडं हाय म्हनून गावभर बोभाटा झालाय. पोलीस फडात आलं हुतं ते त्येच हुडकायला. तुमची पोरं आयतीच घावली. मलाबी त्येच इचारत हुतं."

मागून धापा टाकत आलेले हंबीरराव हे ऐकून अंगणाच्या कडेलाच बसले. त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. आकाराम तेलात बसून लहान पोरासारखा रडला. नानासोनं त्याला दंडाला धरून उठवलं. "चल, तोंड धू. च्या टाकायला सांगतो."

स्वातंत्र्य आलं, अर्जुना धडधाकट झाला, त्याचं लग्नही झालं. हवालदारांना मला टाकवेना आणि ठेववेना. शेवटी मनुबाईनंच एका दुपारी मला मळ्यातल्या विहिरीत सोडलं. हवालदारांनी काठावर उभं राहून सलाम ठोकला. ती म्हणाली, "झालं न्हवं? आता मोट जुपा."

आता मी गाळात आहे. एक कासव अधूनमधून अंगावर बसतं, त्याची तक्रार नाही. एवढंच मागणं आहे. कधी विहीर आटली आणि मी सापडलो, तर मला भिंतीवर टांगून माझ्या शौर्याच्या गोष्टी रचू नका. लोकांना खरं ते सांगा. याची गोळी चुकली, आणि त्या संध्याकाळी नानासो आपल्या घरी जेवला.