अस्तरातला कागद

त्या म्हातारीला मी हो म्हटलं होतं. कशाला, ते मात्र मला ठाऊक नव्हतं.

सोमवारी दुपारी ती राखाडी कोट घेऊन आमच्या दुकानात आली. मी आणि माझी धाकटी जाऊ, दोघी मिळून कपडे आखूड-सैल करून देतो. गल्लीत स्पॅनिश बोलणारी माणसं वाढली, तशा आम्ही शिकवणीला जाऊ लागलो. तिथल्या बाईंनी युक्ती दिली होती, बोलणं तुटू द्यायचं नाही. समोरच्याचा शेवटचा शब्द आपणही म्हणायचा, मान डोलवायची, आणि अडलंच तर "सी, क्लारो", म्हणजे हो, अर्थातच. मग कानाला लागलं तसं वहीत उतरवून वर्गात आणायचं.

"ताई, नंदीबैल बरा तुमच्यापेक्षा," जाऊ हसायची.

म्हातारीचा भाचा बाहेर गाडीत बसला होता. मी कोटाच्या खालच्या कडेला टाचण्या लावत होते, तेवढ्यात तिने माझं मनगट धरलं आणि अगदी हळू बोलू लागली. एकेक वाक्य संपलं की थांबायची, माझ्या डोळ्यांत बघायची. मी म्हणायचे, "सी." शेवटी तिने माझा हात आपल्या कपाळाला लावला.

"काय म्हणाल्या आज्जी?" ती गेल्यावर जाऊने विचारलं.

"कोट गुरुवारी हवाय."

"तेवढ्यासाठी डोळ्यांत पाणी?"

दिलेला शब्द मी आजवर मोडलेला नाही. पण न कळलेला शब्द पाळायचा तरी कसा? आठवेल तितकं वहीत लिहून ठेवलं.

संध्याकाळी कोटाची कड उसवली, तर अस्तरात घडी घातलेला कागद. गिऱ्हाइकाच्या कपड्यात जे सापडेल ते न उघडता जिथल्या तिथे ठेवायचं, हा सासूबाईंनी घालून दिलेला नेम. कागद परत आत सारला. पडू नये म्हणून वर दुहेरी टाका घातला.

बुधवारी सकाळी भाचा एक दिवस आधीच आला. हातात आमची चिठ्ठी होती. तिच्यावर आम्ही फक्त कपडा आणि वार लिहितो. हसतमुख माणूस. त्याने दोन-चार गोष्टी विचारल्या, मी आपली ठरलेली उत्तरं दिली. एकदा त्याने वर छताकडे बोट केलं. वर आमच्या खोल्या आहेत. मी मान डोलवली. तो कोट घेऊन गेला. गाडी निघून गेल्यावर दिसलं, कोटाचा पट्टा इस्त्रीखालीच राहिला होता. त्याचंही बोलणं वहीत उतरवलं आणि दुपारी जाऊला दुकानात ठेवून वर्गाला गेले.

बाई वही पुटपुटत वाचत होत्या. मध्येच त्यांची पेन्सिल थांबली.

"हे कोण म्हणालं तुम्हाला?"

"गिऱ्हाईक. एक आजी आहेत."

बाई सावकाश सांगू लागल्या. "भाचा मला कोंडून ठेवतो. गुरुवारी लांब नेणार आहे. तिथून मी परत यायची नाही. अस्तरात माझ्या बहिणीचा नंबर आहे, तो काढून घ्या. तिला फोन कराल ना? कोट त्याच्या हाती देणार नाही ना?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आणि प्रत्येक ओळीपुढे तुम्ही लिहिलंय, सी."

"नंबर काढलात ना पण?" बाईंनीच पुढे विचारलं.

"शिवून टाकला," मी म्हणाले. "दुहेरी टाक्याने."

बाईंनी पान उलटलं. "हा भाचा. 'आत्या तुमच्याशी काही बोलली?' सी. 'सगळं सांगितलं?' क्लारो. 'वर तुम्हीच राहता?' सी." त्यांनी वही मिटली. "पोलिसांना काय सांगायचं? नाव? पत्ता?"

राखाडी कोट, गुरुवार. माझ्याकडे एवढंच होतं. आणि तो पट्टा. पट्ट्यासाठी तो येईल, टाका राहिलाय म्हणून कोट परत मागून घेईन, असं मनाशी म्हणत मी दुकानाकडे धावत सुटले.

गाडी दारात उभीच होती. जाऊ मशीनला चिकटून बसलेली, चेहरा पांढराफटक. तो टेबलापाशी. टेबलावर कोट पालथा पडलेला आणि त्याचं अस्तर या टोकापासून त्या टोकापर्यंत फाडलेलं.

त्याने मला काहीतरी विचारलं आणि उत्तराची वाट बघत राहिला. तेव्हा पहिल्यांदा माझ्या तोंडून सी निघालं नाही. "नो एन्तिएन्दो," मी म्हणाले. मला कळत नाही. बाईंनी शिकवलेलं सगळ्यात पहिलं वाक्य. लाज वाटते म्हणून आम्ही ते कधी वापरलंच नव्हतं.

तो हसला. पट्टा तळहाताला गुंडाळत स्वच्छ आमच्या भाषेत म्हणाला, "आता कशाला, ताई? सकाळपर्यंत तर तुम्हाला सगळं कळत होतं."

आणि सावकाश बाहेर गेला.

मी दारापर्यंत आले. मागच्या सीटवर ती बसली होती. काच बंद. माझ्याकडे बघून तिने भुवया उंचावल्या, विचारल्यासारख्या. मी मान डोलवली. या वेळी मात्र कशाला हो म्हणतेय ते मला ठाऊक होतं.

गाडी सुटली. मागच्या पाटीवरचा नंबर मी ओठांतल्या ओठांत म्हणू लागले, रोजच्या जपासारखा, एकही अक्षर न सांडता.

"खडू दे," मी जाऊला म्हटलं. "आणि वरच्या दाराला कुलूप घालून ये."