पिवळ्या कार्डाचा पिक्चर

अठरा चिठ्ठ्या होत्या. अल्ताफने त्या प्रयोगशाळेच्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि दोनदा मोजल्या. सात चिठ्ठ्या नायिका शेवटी कॅन्सरने मरते त्या पिक्चरला, पाच नायकाची स्मृती जाते त्याला, चार एका जुन्या काळ्यापांढऱ्याला, ज्यात दोघं एकमेकांचा हातसुद्धा धरत नाहीत. एकीवर भुताचा पिक्चर होता. एक कोरी होती.

दवाखान्याच्या स्नेहसंमेलनात सगळ्यात रोमँटिक पिक्चर लावायचा, असं केसरबाई सिस्टरनी ठरवलं होतं. मोजणी अल्ताफकडे आली, कारण तो बी.एस्सी. आणि लॅब टेक्निशियन. रक्तपेशी मोजणारा माणूस चिठ्ठ्यांत चुकणार नाही, असं सर्वांचं मत पडलं.

"भुताचा कोनं लिवला?" केसरबाईंनी विचारलं.

"मी," अँब्युलन्स चालवणारा प्रफुल म्हणाला. "थ्यात मेल्यावरबी बायको पिच्छा सोडत नाई. याच्याहून मोठं पिरेम कोनतं?"

"मंग तुले घरीच दिसते का तो पिक्चर? अन् मी सांगू का, मरन नाई तं पिरेम कायचं?"

"सिस्टर, मरन तं तुमी ड्युटीवर रोजच पाह्यता. सुटीच्या दिवशी तरी जित्ते माणसं पाहा."

अल्ताफने कोरी चिठ्ठी वर धरली. "ही कोणाची?"

"माही हाये," दारात पोछा घेऊन उभी असलेली बुधरीबाई म्हणाली. "मले लिवता कुठी येते?"

बुधरीबाई सफाईचं काम करायची. जंगलातल्या गावाहून रोज सात किलोमीटर चालत यायची. नऊ वर्षांत तिला कोणी मत विचारलं नव्हतं.

"मंग तोंडानं सांगा बाई," प्रफुल म्हणाला.

बुधरीबाईने पोछा भिंतीला टेकवला आणि पदराला हात पुसले. त्या गंभीरपणाचं अल्ताफला हसू आलं. त्याने मोबाईल काढला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं.

"मी एकच पिक्चर पाह्यली," ती म्हणाली. "गावात पडद्याची गाडी आलती. एक पोरगा राह्यते, एक पोरगी राह्यते. लय जीव राह्यते एकमेकाईवर. मंग रगत तपासते, तं दोघाईचं कार्ड पिवरं निंघते. मंग ते नद्दीवर बसतेत. पोरगा म्हनते, आपल्या लेकराचे हाडं दुखतीन, जनमभर रडन थे. लगन नोको करू. पोरगी म्हनते, बरं. अन् आपापल्या घरी जातेत."

"हा तं सिकलसेलचा सरकारी पिक्चर!" प्रफुलने टेबलावर हात आपटला. एक चिठ्ठी खाली पडली.

"गानं कोनतं होतं बाई थ्यात?" केसरबाईंनी विचारलं.

"गानं नाई. आखरीले डाक्टर येते अन् फोन नंबर सांगते."

आता कोणालाच आवरेना. बुधरीबाईसुद्धा थोडी हसली, लोक हसतात म्हणून. मग तिने आणखी एक वाक्य सांगितलं. "माह्यं अन् माह्या घरवाल्याचं, दोघाईचं कार्ड पिवरंच हाये. पन आमाले लगनाच्या बाद समजलं."

अल्ताफने ते ऐकलं. ऐकलं, पण त्याचं हसू अजून ओसरलं नव्हतं आणि मोबाईल हलत होता. सत्तेचाळीस सेकंदांचा व्हिडिओ झाला. त्यावर 'यंदाचा सर्वात रोमँटिक पिक्चर' असं लिहून त्याने तो स्टेटसला ठेवला. संध्याकाळपर्यंत एकशे त्रेसष्ट जणांनी पाहिला. प्रफुलने मागितला म्हणून त्याला पाठवलाही.

अल्ताफच्या कपाटात सिकलसेलचं, म्हणजे आईबापाकडून लेकरांत उतरणाऱ्या रक्ताच्या आजाराचं, रजिस्टर होतं. त्याला कुलूप असायचं आणि किल्ली त्याच्या खिशात. एकदा सरपंच स्वतः आले होते, होणाऱ्या सुनेचा निकाल विचारायला. "ज्याचं रक्त त्याचा निकाल," असं म्हणून अल्ताफने त्यांना परत पाठवलं होतं. ही गोष्ट तो मित्रांना अभिमानाने सांगायचा.

चौथ्या दिवशी सकाळी बुधरीबाई प्रयोगशाळेत आली. हातात पोछा नव्हता. सोबत तिची मुलगी मोनाली होती, नागभीडला कॉलेजात शिकणारी.

"अल्ताफभाऊ, थे मोबाईलातलं पुसता येते का?"

"पुसलं बाई. दुसऱ्याच दिवशी पुसलं."

"मंग सर्वाईच्या मोबाईलातून गेलं असन."

अल्ताफने टेबलावरची पेनं सरळ केली. "नाही बाई. फक्त माझ्या मोबाईलातून गेलं."

"हं," ती म्हणाली.

पुढचं मोनालीने सांगितलं. मोहर्लीला सफारीची जिप्सी चालवणाऱ्या चंदनशी तिची सोयरीक ठरत आली होती. पुढच्या आठवड्यात दोघं मिळूनच रक्त तपासायला येणार होते. परवा चंदनच्या काकाने व्हिडिओ पाहिला. काल निरोप आला, बिमारीच्या घरची पोरगी नको.

"चंदन काय म्हणतो?" अल्ताफने विचारलं.

"तो फोन उचलून नाई राह्यला," मोनाली म्हणाली.

अल्ताफ उठून उभा राहिला. बसून बोलणं त्याला जमेना. "बाई, माझी चूक झाली. मी हसायला नको होतं."

"हासले त्याचं काई नाई. गाडी चार गावं फिरली, मी सुकलूले पाठीवर घेऊन मांगं मांगं चारी गावं गेली. मले वाटे, आखरीले तं दवाई सांगतीन. चारीबी खेपा डाक्टरनं नंबरच सांगतला. याच्यावर कोनीबी हासन." सुकलू तिचा मोठा मुलगा. तो अकराव्या वर्षी गेला, हे अल्ताफला रजिस्टरवरून ठाऊक होतं. नोंद त्याच्याच अक्षरात होती. "पन थे कार्ड माह्यं होतं, भाऊ. सांगाचं का नाई, थे मी पाह्यली असती."

"मी जाऊन बोलतो त्यांच्याशी. मोहर्लीला जातो."

"काय बोलसान?" मोनालीने विचारलं. "आमच्या घरातलं आनखी काय सांगसान?"

मोनालीने स्टुलावर बसून बाही वर केली.

"सोयरीक तं मोडली," बुधरीबाई म्हणाली. "पन थे म्हनते, मले मालूम पाह्यजे."

अल्ताफने हातमोजे घातले. दंडाला पट्टा बांधला. मोनाली भिंतीवरच्या वजनाच्या तक्त्याकडे पाहत होती. रक्त घेऊन झालं तेव्हा त्याने कापूस दिला. तिने तो स्वतः दाबून धरला.

आईबाप दोघं वाहक, म्हणजे पिवळ्या कार्डाचे: स्वतःला आजार नाही, पण दोष रक्तात. चारातल्या एका लेकराला आजार, दोघांना पिवळं कार्ड, एकाला काहीच नाही. हे गणित तो नवीन आशाताईंना फळ्यावर काढून दाखवायचा. खडू हातात असला की ते सोपं वाटायचं.

त्याने नळीत दोन मिलिलिटर द्रावण घेतलं, त्यात वीस मायक्रोलिटर रक्त सोडलं, नळी उलटसुलट केली आणि घड्याळ लावलं. दोष असेल तर द्रावण गढूळ होतं आणि नळीमागे धरलेल्या कागदावरच्या रेघा झाकल्या जातात. त्याने दरवाजा लावून घेतला. मोबाईल बंद करून ड्रॉवरमध्ये टाकला. मायलेकी बाकावर शेजारी शेजारी बसल्या होत्या.

पाच मिनिटांनी त्याने नळी कागदासमोर धरली, आणि बुधरीबाईला दिसावी म्हणून थोडी खाली घेतली.

कागदावर सहा काळ्या रेघा होत्या. सहाही दिसत होत्या. नमुना क्रमांक एकशे सतरा, निगेटिव्ह.