मानाची बटणं

केडगावच्या विश्वजीतनं पुण्यात सहा महिन्यांचा कोर्स केला आणि तो स्वतःला वेब डिझायनर म्हणवून घेऊ लागला. गावात दुसरा कुणी नव्हता, त्यामुळे हरकत घ्यायलाही कुणी नव्हतं. दोन हजार चार साली साखर कारखान्याच्या वेबसाइटचं काम त्याच्याकडे आलं. वार्षिक सभेत ती पडद्यावर दाखवायची, सभासदांना पसंत पडली की कायमची नोकरी, असा चेअरमननी शब्द दिला होता.

वडिलांनी, हौसरावांनी, एकच सल्ला दिला. "उघडल्या उघडल्या तोडणीची तारीख दिसाया पायजे. शेतकऱ्याला दुसरं काय बगायचंय?" कोर्समध्येही हेच शिकवलं होतं. लोकांना जे लागतं त्याची लिंक वर, डोळ्यांसमोर. विश्वजीतनं 'ऊसतोडणी' हे बटण सगळ्यात पहिलं ठेवलं. त्याचं शहाणपण तिथवरच टिकलं.

मग एकेक संचालक बघायला येऊ लागला. पडद्यावरची बटणांची पट्टी त्यांनी लग्नपत्रिकेसारखी वाचली. अध्यक्षांचं मनोगत पहिलं, हे ओघानं आलंच. उपाध्यक्ष दुसरे. मग संचालक पोपटराव रुसले, की आम्हाला बाकी सगळ्यांबरोबर एकाच बटणात कोंबलं. त्यांना वेगळं बटण मिळालं, तसं ते सगळ्यांनाच द्यावं लागलं. कोर्समधलं तत्त्व सांगायला विश्वजीत तोंड उघडायचा आणि त्यातून "हो साहेब" बाहेर पडायचं. सभेच्या सकाळी शेवटचे संचालक आले, तेव्हा पट्टीत जागाच उरली नव्हती. वेब डिझायनरनं एक बटण काढून टाकलं. कुठलं, ते सांगायला नको. पान जागच्या जागी होतं, फक्त तिथं जायची वाट बुजली होती.

सभा रंगली. प्रत्येक संचालकाच्या फोटोला टाळ्या पडत होत्या. एवढ्यात हौसराव उठले. पोराचं चारचौघांत कौतुक व्हावं म्हणून त्यांनी प्रश्न घरूनच घोकून आणला होता.

"इश्वजीत, माज्या उसाला तोड कवा हाय, दाव की पडद्यावर!"

विश्वजीतनं मनोगत उघडलं, बंद केलं. पोपटराव आले, गेले. बटण नाही हे अख्ख्या मंडपात त्या एकट्यालाच ठाऊक होतं, तरी गडी शोधतच होता. पानाचा पत्ता टाइप केला असता तर भागलं असतं, पण तो स्वतः बनवलेला पत्ताही त्याला आठवेना. कुजबुज वाढली. चेअरमननी घड्याळ बघितलं.

हौसरावांना पोराच्या कपाळावरचा घाम दिसला.

"ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे," ते मोठ्यानं म्हणाले. "माजा ऊस तर लावणीच्या बेण्याला तोडून गेला की! इसारलोच बग."

मंडप खदखदून हसला. "हौसराव, सोताचं रान इसारला व्हय?" शेजारचे सर्जेराव ओरडले. हौसरावही हसले आणि खाली बसले.

चेअरमननी माईकवरून नोकरी जाहीर केली. संध्याकाळी बापलेक मोटारसायकलवरून घरी निघाले, तेव्हा रस्त्याकडेला हौसरावांचा ऊस पुरुषभर उंच उभा होता. विश्वजीतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते हसू त्याच्या वाटणीचं होतं आणि बापानं ते आपल्या अंगावर घेतलं होतं.

"आप्पा, आपला ऊस..." तो म्हणाला.

"फुडं बग," हौसराव मागून म्हणाले. "आन् पेढं घ्यायचं ऱ्हायलं. गाडी वळीव."