पाच हळकुंडं

माझ्या नणंदेचं, शकूचं, लग्न झालं ते १९५७ साल. मांडव उतरला आणि माझा नवरा सहदेव कल्याणला जाऊन तिथले व्यापारी गुरुदत्तशेठ यांना अजून न लावलेली हळद विकून आला. फाल्गुनात दहा पोती द्यायची, भाव आजच ठरला. चिठ्ठीवर त्याचा अंगठा.

खडवलीत आमच्याआधी कुणी विकण्याजोगी हळद लावली नव्हती. शेजारचा काळुराम म्हणाला, "अरे, मातीत नाही ते विकलंस? उद्या पाळण्यात नाही ती पोर उजवशील!"

पण भाव ठरलेला होता, म्हणूनच आम्ही सगळी वरकस, माळाची जमीन खणली. हळद शिजवायला माझी सासू तुळसा कढईपाशी बसायची. गवताची काडी हळकुंडातून आरपार जाईस्तोवर ती कुणाला कढई उतरवू द्यायची नाही.

माघात बाजार पडला.

"आता शेठ पाठ फिरवणार," काळुराम म्हणाला. हळद वाळली तशी आम्ही गाडी जुंपली.

गुरुदत्तशेठ म्हणाले, "भाव ठरला तोच देईन. मीही सांगलीच्या वायदेबाजारात तेवढीच हळद आधीच विकून ठेवलीय, त्यामुळे पडत्या भावाची झळ मला नाही. पण माल तिथल्या नमुन्याला उतरला पाहिजे. खडवलीची हळद तिथे पाहिलीय कुणी? ही परत न्या."

परत नेऊन पडत्या बाजारात ती घेणार कोण? 

सासू पुढे झाली. "शेठ, तुमचा नमुना काढा. आणि जरा तोंड फिरवा."

सांगलीची दोन आणि आमची तीन हळकुंडं तिने मुनिमासमोर तागडीच्या पारड्यात मांडली. "आता यातलं सांगलीचं उचला."

शेठनी पाचही मोडली. पाचही कट्कन मोडली. गाभा बघितला, वास घेतला, एक उचललं. "हे. हा रंग सांगलीचाच."

मुनीम हसायला लागला. "शेठ, ते खडवलीचं."

"दुसरी पाच मांडा." शेठ परत चुकले. मग स्वतःच हसले. "तुळसाबाई, सांगलीवाल्यांना आता काय सांगू?"

"सांगा, हळद शिजवायला शिकायची असेल तर खडवलीला या."

दहाही पोती सांगलीला पसंत पडली. पुढच्या ज्येष्ठात गावातल्या चौदा घरांनी शेठशी वायदा केला. पहिला अंगठा काळुरामचा. त्या चौदाही घरांची हळद सासूने समोर बसून शिजवून घेतली.

माझी सासू तुळसा १९५९ च्या डिसेंबरात वारली.