कोरड्या तोंडातला सोन्याचा तारा

मी ओब्दुलियाचा दात बोलतोय. वरच्या जबड्यातला, अगदी दारातला. जन्माने मी साधाच. पण लग्न ठरलं तेव्हा तिच्या होणाऱ्या नवऱ्याने, आबुंदियोने, मला सोन्याची टोपी चढवून दिली. टोपीत ताऱ्याच्या आकाराची खिडकी होती, तिच्यातून माझा मूळचा पांढरा रंग दिसायचा. ग्वातेमालाच्या या डोंगरातल्या गावांत ही हौस असतेच. ओब्दुलिया हसली की बाजारातल्या बायका ओरडायच्या, "अगं मीट ते तोंड, डोळे दिपले आमचे!"

दारातली जागा असल्याने कोण आलं, कोण काय बोललं, सगळं मला आधी कळायचं. चौकशा करायची खोडच आहे मला. मागच्या दाढांच्या घरी काय दुखतंय-खुपतंय, तेही मी विचारून घेत असे.

मग आमच्या वस्तीतलं पाणी आटलं. लाळ हो. ती होती तोवर तिची किंमत कुणाला नव्हती. ती गेली आणि कत्तल सुरू झाली. किडीला अडवणारं कुणी उरलं नाही. ती हिरडीच्या काठाने आली, मुळाशी बसली आणि एकेका शेजाऱ्याला बुंध्यातून तोडत सुटली. माझ्या बाजूचा सुळा कोरडी मक्याची भाकरी चावताना मोडला. एक दाढ तर ओब्दुलियाने भातातला खडा समजून थुंकली. जिभेला भेगा पडल्या. मिरचीचा कण लागला की ओब्दुलिया बिचारी थाळी ढकलून उठायची.

सासू कांदेलारिया मायेची, पण ऐकणारी नव्हे. एप्रनच्या खिशात लिंबाच्या गोळ्या घेऊनच फिरायची. "चघळ पोरी, तोंड ओलं राहतं." ओब्दुलिया दिवसभर चघळायची. घास गिळण्यासाठी आतोल, म्हणजे मक्याची गोडमिट्ट पेजही प्यायची. आम्ही आत मरत होतो आणि बाहेर आमचे लाड चालले होते!

शेवटी आबुंदियो तिला मोटारसायकलवर बसवून शहरातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. नोएमी त्यांचं नाव. त्यांनी आरसा आत घातला आणि तो गालालाच चिकटला. ओढून काढला तेव्हा कातडी सोलल्यासारखी झाली.

"शरीर आपल्याच लाळेच्या ग्रंथींवर तुटून पडलंय," बाई म्हणाल्या. "डोळ्यांतल्या पाण्यावरही."

"म्हणजे घरचाच माणूस घरावर दगड मारतोय?" आबुंदियोने विचारलं.

"तसंच समजा. आणि त्या गोळ्या बंद! तुम्ही गोळ्या चघळत नाही, गोळ्या तुमचे दात चघळतायत."

मग त्यांनी सगळं समजावलं. घोट घोट साधं पाणी, बिनसाखरेचं च्युइंगगम, जास्त फ्लोराइडची पेस्ट, आणि दर काही महिन्यांनी त्यांच्याकडे येऊन दातांवर फ्लोराइडचा लेप. मला बोटाने ठोकून म्हणाल्या, "हे सोनं काढू या. खालून पोखरलंय."

"हा नाही," ओब्दुलिया म्हणाली. "हा यांनी दिलाय." आणि बाहेर पडताना नवऱ्याला बजावलं, "आईंना काही सांगू नका. सून रोगट निघाली म्हणतील."

तिथेच चुकलं.

आबुंदियो बस चालवायचा. हप्ता मागणाऱ्यांनी एका सकाळी त्याला स्टिअरिंगवरच गोळ्या घातल्या. दुपारी शवपेटी अंगणात आली. सगळ्या बायका टाहो फोडत होत्या. ओब्दुलिया पेटीला धरून थरथरत होती. मी हिरडीत हलत होतो, इतकी. पण डोळ्यांत एक थेंब नाही.

धाकटा दीर कासिमिरो दारू पिऊन आला. "वहिनी, रडू येईना का? की माझ्या भावाच्या बसची वेळ तूच मारेकऱ्यांना कळवलीस?"

कुजबुज कुंपणाबाहेर गेली, ओरडा होऊन परत आली. कुणीतरी पेट्रोलचा डबा आणून फाटकाशी ठेवला. आमच्याकडे जमाव एकदा जमला की पोलीससुद्धा लांबून बघतात.

"चोराचा घसा कोरडा पडतो!" कासिमिरोने दुखवट्याच्या गोड पावाचा तुकडा तिच्या तोंडात कोंबला. "गीळ! खरी असशील तर गीळ!"

तुकडा जिभेवर पिठासारखा पसरला, घशाला चिकटला. तिचा श्वास अडकला. खोकून तिने तो बाहेर टाकला, तो थेट पेटीवर.

"बघा!" तो किंचाळला, आणि ठोसा आला. थेट माझ्यावर.

मी पोखरलेलाच होतो. काडीसारखा मोडलो. मूळ तिथेच राहिलं, मी सोन्यासकट फरशीवर घरंगळलो. वर पाहिलं तर तिची हनुवटी लाल झालेली. कितीतरी दिवसांनी ते तोंड ओलं झालं होतं, रक्ताने.

कुणी डबा उचलला. तेव्हा म्हातारी कांदेलारिया उठली. सुनेची हनुवटी धरली, न फुटलेल्या बाजूने गालात दोन बोटं घातली. ती तिथेच चिकटली. तिने ती सोडवून सगळ्यांसमोर धरली.

"कोरडी. विझलेल्या चुलीसारखी कोरडी! पोरी, एवढी? कधीपासून?"

"फार दिवस झाले, आई. डोळेही तसेच. यांना ठाऊक होतं."

म्हातारीने खिशातल्या गोळ्या कासिमिरोच्या तोंडावर फेकल्या. "दारूड्या, एक गेला, आता हिलाही जाळतोस? पाणी आण! आणि तू रे डबेवाल्या, माझ्या अंगणात माझ्या मेलेल्या लेकासमोर पेट्रोल? आधी माझ्यावर ओत!"

फाटक हळूहळू रिकामं झालं. कासिमिरो पाण्याचा तांब्या घेऊन आला, पण त्याला मान वर करता येईना.

ओब्दुलियाने मला फरशीवरून उचललं, शालीने पुसलं आणि आबुंदियोच्या सदऱ्याच्या खिशात ठेवलं. "रडायला पाणी नाही हो माझ्याकडे," ती म्हणाली. "हा घ्या."

तेव्हापासून मी इथे मातीखाली आहे. आबुंदियो काही बोलत नाही, म्हणून कान वरच असतो. दरवर्षी मृतांच्या दिवशी सासू-सून दोघी झेंडूची फुलं घेऊन येतात. ओब्दुलियाच्या बोलण्यात आता माझ्या जागेतून शीळ वाजते. डॉक्टरीणबाईंचा लेप चुकत नाही, मागच्या दाढा टिकल्यात, असं ती नवऱ्याला सांगते. मध्येच म्हातारी ओरडते, "बोलणं पुरे, आधी घोटभर पाणी पी!"

दाढांनो, शेजारणींनो, तिला घट्ट धरून राहा. आणि वरच्या माणसांनो, कुणाच्या डोळ्यांत पाणी दिसलं नाही, तर मूठ वळण्याआधी त्याला पेलाभर पाणी द्या. माझी जागा रिकामीच राहू दे. तिच्या वाटचं रडणं मी इथे, आबुंदियोच्या छातीवर, सांभाळून ठेवलंय.